हात पदरात

सरोजवहिनी गेल्या तेव्हा मी त्यांचंच फडकं पिळत होते. सकाळी अंग पुसून झालं होतं, बादली रिकामी केली होती, आणि आतून कुंदानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, हाक मारली, "काकू, जरा येतेस?" तिच्या आवाजावरूनच काय ते कळलं. तरी मी फडकं पुरतं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं आणि मग आत गेले. खरं सांगते, मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता दुपारी जरा पाठ टेकता येईल, असा होता. वहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. लालबागच्या ह्या चाळीत त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एक भिंत. अर्धांगानं त्यांचा उजवा हात गेला त्याला दोन पावसाळे झाले. कुंदा माटुंग्याहून नोकरी सांभाळून जमेल तशी यायची, आणि बाकीचं सगळं माझ्याकडे. माझंही वय झालंय, गुडघे कुरकुरतात. दमले होते मी. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले, दुपार मोकळी असते, चटई घालून पडते… आणि झोप येत नाही. कुंदा म्हणाली, "मग लिहून काढ ना. तुला जे आठवतं ते आता कुणाला आठवणार?" म्हणून लिहायला बसले.

आमचं घर मूळचं मालवणकडचं. सासरे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, थोरले दीर त्याच गिरणीच्या ऑफिसात, आणि माझे यजमान तिथल्याच एका खात्यात नवे लागलेले. वहिनी मात्र गिरगावच्या. मॅट्रिक झालेल्या, आणि लग्नाआधी दादरला जाऊन लहान मुलांना शिकवायचा माँटेसरीचा कोर्स केलेल्या. त्यांच्या रुखवताची गोष्ट आमच्या गॅलरीत पुढं कितीतरी वर्षं सांगितली जायची. लोकांच्या रुखवतात साखरेचं तुळशीवृंदावन, कापसाचे ससे, मण्यांची बाहुली. वहिनींच्या रुखवतात लहान लहान पितळी फुलपात्रांची ओळ, वितीएवढा केरसुणीचा मुडगा, आणि लाकडी चौकटीवर ताणून बसवलेली सदऱ्याची बटणपट्टी. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सासूबाईंनी ती चौकट उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "ह्या कोणाचा गे? सदरो खय उरलो?" वहिनीही हसल्या म्हणे. मी ते पाहिलं नाही, मी नंतर आले. पण ती चौकट मी पाहिली. माझ्या नंदूची बोटं तिच्यावरच वळायला लागली.

मी लग्न होऊन आले तेव्हा वहिनींचा वर्ग चालू झालेला होता. वर्ग म्हणजे काय, आमचीच पुढची खोली. सकाळचं पाणी भरून, डबे देऊन झाले की गॅलरीतली दोन-तीन वर्षांची पोरं जमायची. पाटी-पुस्तक नाही, गाणी-गोष्टी नाहीत. एका वाटीतली तूरडाळ चमच्यानं दुसऱ्या वाटीत घालायची. फडकं ओलं करून पिळायचं आणि पाट पुसायचा. दारातल्या चपला जोडीनं लावायच्या. तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतायचं, सांडलं तर आपणच पुसायचं. तेवढंच. आणि तेही आवाज न करता, कारण रातपाळी करून आलेले पुरुष दिवसा खोल्याखोल्यांतून झोपलेले असायचे. एक भिंत सोडून कुणीतरी घोरतोय आणि इकडं अडीच वर्षांचं पोर श्वास रोखून पितळी वाटी फरशीवर ठेवतंय, असं चालायचं. दादरच्या कोर्समध्ये शांततेचा म्हणून एक खास खेळ शिकवायचे, वहिनी सांगायच्या. आमच्याकडं तो खेळायला वेगळा वेळ काढावा लागला नाही.

पाण्यावरून मात्र घरात खटके उडायचे. नळाला पाणी सकाळी तेवढं यायचं, पिंपं भरून ठेवायची, आणि त्या पाण्यानं पोरं खेळणार हे सासूबाईंना पटण्यासारखं नव्हतंच. मग वहिनींनी पोरांच्या ओतण्याचं पाणी एका घमेल्यात गोळा करून त्यानंच दुपारी गॅलरी पुसायला सुरुवात केली. सासूबाईंची तक्रार तेवढ्यानं मिटली नाही, ती दुसरीकडं वळली. पोर सांडतंय आणि मोठी बाई नुसती बघत बसते, हे त्यांना सहनच होत नसे. "पोर पाणी सांडता आणि ही बघत बसता! हात काय कोणी बांदून घातले हत तुझे?" वहिनी म्हणाल्या, "हो आई, मीच बांधून घातलेत." आणि खरंच दोन्ही हात पदरात गुंडाळलेले दाखवले.

हीच त्यांची शिकवण. पोरांना नव्हे, आयांना. वर्गात बसायला कुठल्याही आईला मुभा होती, अट एकच, दोन्ही हात पदरात गुंडाळून बसायचं. तोंडानंही काही सुचवायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. माझा नंदू तीन वर्षांचा व्हायचा होता. एका दुपारी त्या चौकटीवरचं एक बटण काज्यातून काढायला बसला आणि माझ्या पदरातल्या बोटांना अक्षरशः मुंग्या आल्या. बटण अर्धं यायचं, परत आत जायचं. त्याच्या ओठांवर घाम. मला वाटायचं, एवढंसं तर आहे, मी नुसती काज्याची कड धरते… वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सुमन, हात." मी हात आणखी आत घेतले. बटण निघालं तेव्हा नंदूनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं दुसऱ्या बटणाला हात घातला. शेजारी शेवंताबाई बसल्या होत्या, आमच्यापासून तिसऱ्या खोलीतल्या, त्यांची धाकटी शकू वर्गात असायची. त्या पदरातल्या पदरात हात चोळत म्हणाल्या, "ह्यापरीस चार घागरी पाणी आणूचा सोपा."

वर्गातला शेवटचा धडा संध्याकाळी, गिरणीचा भोंगा झाल्यावर. बाहेरून दमून आलेल्या माणसाला दारात पाणी द्यायचं. ही काही वहिनींची कल्पना नाही, ही आमच्या सगळ्यांच्या घरातली रीत. त्यांनी फक्त ती पोरांच्या हातात दिली. फुलपात्र काठोकाठ भरायचं नाही, दोन्ही हातांनी धरायचं, नजर पाण्यावर ठेवायची, माणसाच्या तोंडाकडं नाही. त्यानं पिऊन होईतो उभं राहायचं आणि भांडं परत आणायचं. पाळीवरून आलेले बाप्ये, अंगावर कापसाची पिंज, जिन्याच्या तोंडाशी थांबायचे आणि एवढ्याशा फुलपात्रातलं घोटभर पाणी उभ्यानं प्यायचे. त्यानं तहान काय भागणार! पण एकही माणूस ते चुकवून पुढं गेलेला मला आठवत नाही. सासूबाईंचा विरोध तिथं गळाला. बाजारातून आल्या की त्या मुद्दाम दारात खोळंबून राहायच्या, नंदू किंवा शकू पाणी घेऊन येईपर्यंत.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस आले. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना मी काय सांगणार, आणि नव्या लोकांना सांगून काय कळणार. गिरण्या बंद, मोर्चे, गॅलरीगॅलरीतून घोषणा, अश्रुधूर घरात शिरला की ओली फडकी डोळ्यांवर. ती फडकी आमची पोरं पिळून द्यायची, हे आता आठवलं की हसावं की रडावं कळत नाही. गोळीबार झाला. शेवंताबाईंचा थोरला मुलगा वसंत, पायात गोळी लागून इस्पितळात पडला. पाय राहतो की काढावा लागतो, डॉक्टर सांगत नव्हते. सासूबाई त्या दिवसांत घरात नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. आमच्या चाळीतल्या निम्म्या बाळंतपणांना त्यांचेच हात लागलेले, वसंतही त्यांच्याच हातांवर जन्मलेला. शेवंताबाईंच्या शेजारी इस्पितळाच्या बाकावर त्या बसून राहायच्या, डबा न्यायच्या, त्यांची वेणीसुद्धा घालून द्यायच्या. शेवंताबाई दुसऱ्या कुणाशी बोलतच नव्हत्या.

आणि मग कर्फ्यू. इस्पितळात जाणंही बंद झालं. शेवंताबाई आपल्या दाराआड बसलेल्या, आम्ही आमच्या. सासरे त्याआधीच वारले होते, माझे यजमान आणि थोरले भावोजी आदल्या दिवशी मोर्चाला गेलेले परतले नव्हते. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, उलट्यांनी हैराण होते. सगळ्या दारांच्या वरच्या कड्या घातलेल्या. चाळीच्या फाटकाशी एक बंदूकवाला पोलीस उभा होता, आणि त्याचे आणखी सोबती रस्त्याच्या तोंडाशी. उन्हात सकाळपासून तो एकटाच तिथं. दहा-साडेदहाला त्यानं वर बघून विचारलं, "वायच पाणी गावात काय?" आमचीच बोली. थोडं पाणी मिळेल का, एवढंच. चौकातला नळ केव्हाच कोरडा पडला होता. एवढ्या गॅलऱ्या, एवढी माणसं, कुणी उत्तर दिलं नाही. दुपारी त्यानं परत विचारलं, आवाज खाली आला होता. सासूबाई फटीतून बघत होत्या. पुटपुटल्या, "आमच्याच मुलखातलो दिसता," आणि तोंड फिरवून आत येऊन बसल्या. मीही काही बोलले नाही. माझा नवरा कुठं होता ते मला माहीत नव्हतं, त्या पोलिसाला मी पाणी का देऊ?

मला डोळा लागला असावा. जाग आली ती शेजारच्या रिकाम्या जागेनं. नंदू नव्हता. दार उघडं. मी धडपडत गॅलरीत आले तर कठड्याशी वहिनी उभ्या. खाली चौकात माझं पोर. दोन्ही हातांत फुलपात्र, नजर पाण्यावर, एकेक पाऊल टाकत त्या पोलिसाकडं निघालेलं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि वहिनींनी माझं मनगट धरलं. "ओरडू नको. दचकेल." कोण दचकेल, नंदू की तो बंदूकवाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मग त्यांनी माझं मनगट सोडलं आणि आपले दोन्ही हात पदरात घेतले. मला त्यांचा इतका संताप आला होता… तो मी आजही अंगात तसाच आठवू शकते. सगळ्या खोल्यांची दारं फटीफटीनं उघडली होती. पोलीस खाली बसला. बंदूक मांडीवर आडवी ठेवली. पाणी प्यायला. नंदू शिकवल्याप्रमाणं उभा राहिला, भांडं परत घेतलं, वळला आणि आला. जिन्यावर त्यानं भांडं एका पायरीवर ठेवलं, स्वतः चढला, मग भांडं उचलून वरच्या पायरीवर ठेवलं, परत चढला. मी धावत जाऊन त्याला उचललं तेव्हा तो रडायला लागला, कारण भांडं जिन्यावरच राहिलं होतं.

कर्फ्यू उठल्याबरोबर गॅलरी आमच्या दारात. पोलिसाला पाणी! वसंत तिकडं पाय राहतो की जातो असा पडलाय, आमची माणसं कुठल्या कोठडीत आहेत माहीत नाही, आणि ह्या घरातून पोलिसाला पाणी! पोर एवढंसं, त्याला वरच्या कडीला हात पुरत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. "कडी काढली कोणी?" शेवंताबाईंनी विचारलं. खोलीत मोठ्या अशा आम्ही तिघीच होतो. सासूबाई चुलीशी पाठमोऱ्या बसलेल्या. मी काही बोलायच्या आत वहिनी पुढं झाल्या. "मी काढली. पाणी मीच पाठवलं. तहानलेला होता तो." शेवंताबाईंनी एकदा चुलीकडं बघितलं, एकदा वहिनींकडं. मग म्हणाल्या, "उद्यापासून शकू येवची नाय," आणि निघून गेल्या.

शकू आली नाही. मग कुणीच आलं नाही. आठवड्याभरात वर्ग संपला. एकेका आईच्या दारात जाऊन वहिनींनी विनवलं असतं तर थोड्या तरी आल्या असत्या, पण त्या गेल्या नाहीत. फुलपात्रं घासून, पुसून फळीवर पालथी घातली. आमचे पुरुष सुखरूप परत आले, वसंतचा पाय राहिला, थोडा लंगडतो एवढंच, पुढं महाराष्ट्रही झाला, मुंबईही मिळाली, गॅलरीत पेढे वाटले. वर्ग काही परत भरला नाही. वहिनी पुढं शिवणकाम करायला लागल्या. शिकलेली बाई, हातात एवढी विद्या, आणि झबली-टोपडी शिवत बसायची. माझं आणि त्यांचं बोलणं कधी तुटलं नाही. एका घरात राहून तुटणार कसं? पण मला त्यांनी एकदा विचारायला हवं होतं, माझंच पोर का? स्वतः जायचं होतं. कुंदाला धाडायचं होतं, ती सात वर्षांची होती, तिला अक्कल होती. पोलिसाला पाणी द्यायचा पुळका यांना, आणि बंदुकीसमोर जाणार माझा नंदू! हे मी त्यांना एकदाच बोलले, महिन्याभरानं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं." तेवढंच. त्यांनी खुलासा केला असता तर मी भांडले असते आणि कदाचित मोकळी झाले असते. माझी धाकटी झाली तिला मी वहिनींच्या हाताखाली बसू दिलं नाही. शाळेत जाईपर्यंत तिच्या फ्रॉकची बटणं मीच लावत होते.

सासूबाई गेल्या त्यालाही आता खूप वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांना जेवण लागायचं वहिनींच्याच हातचं. मला वाटायचं, थोरली सून, मान तिचा. दोन घरं झाली, खोल्या दोन झाल्या, थोरले भावोजी गेले, माझे यजमान गेले, गिरणीचा भोंगा बंद झाला. मी महापालिकेच्या शाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. नंदूचं लग्न झालं. आणि अचानक एका सकाळी वहिनींची उजवी बाजू लुळी पडली.

त्यांची सेवा मी प्रेमानं केली असं लिहिणार नाही, कारण रोज ते तसं नव्हतं. काही दिवस प्रेमानं, काही दिवस नुसती उरकली. त्यांचा हट्ट एकच, पाणी त्या स्वतः पिणार. डाव्या हातानं. निम्मं मानेवर सांडायचं, चोळी भिजायची, परत बदला, परत धुवा. मी फुलपात्र धरायला पुढं व्हायचे आणि त्या जड जिभेनं म्हणायच्या, "सुमन, हात." एवढा राग यायचा! म्हटलं, वहिनी, मी आता तुमच्या वर्गातली आई नाही, मला पाच कामं आहेत. तरी हात पदरात घालून बसायचे. नंदूची मुलगी मुक्ता तेव्हा अडीचची होती, ती खाटेपाशी येऊन बसायला लागली. वहिनींनी फळीवरची फुलपात्रं मागवून घेतली. मग रोज दुपारी दोघी शिकायच्या. एक डाव्या हातानं ओतायला, एक दोन्ही हातांनी. मुक्ता आधी शिकली. वहिनींना त्याचा कोण आनंद… मला पुसायला दुप्पट पाणी.

शेवटच्या महिन्यात त्यांची शुद्ध जात-येत होती. मला कधी कुंदा म्हणायच्या, कधी आपल्या आईच्या नावानं हाक मारायच्या. एका दुपारी मी उशाशी बसले होते, केस बांधून डोक्यावरून पदर घेतला होता, ऊन येत होतं म्हणून. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि एकदम घाबऱ्या झाल्या. डावा हात पुढं करून मला ढकलायला लागल्या. "आई, तुम्ही आत जा. चुलीशी बसा. तिकडं तोंड करून बसा." मला कळेना. मग त्या हळू आवाजात, समजूत घालावी तसं म्हणाल्या, "कडी मी काढली असं सांगते. पाणी मी पाठवलं म्हणते. तुम्ही शेवंताबाईंच्या शेजारी बसताय, तुम्हाला उद्याही तिथं बसायचंय. माझं काय, मी गिरगावची… जा ना आई. सुमन उठेल."

सासूबाई! तोंड फिरवून आत येऊन बसलेल्या सासूबाई. आपल्या मुलखातला माणूस पाणी मागतोय आणि आपण ते देऊ शकत नाही, हे त्या दाराआड बसून सकाळपासून ऐकत होत्या. स्वतः खाली जाणं शक्य नव्हतं. पोराच्या हातात रीत होती, ती त्यांनी वापरली. बंदुकीचा विचार त्यांच्या मनात आलाच नसणार, त्यांना फक्त दारातला तहानलेला दिसला असणार. आणि वहिनींना दारातून बाहेर आल्या क्षणी ते सगळं कळलं. पोर अर्ध्यावर पोचलेलं, आता त्याला हाक मारणं धोक्याचं, आणि म्हातारी दाराआड उभी. तेव्हाच ठरवलं त्यांनी. वर्ग गेला, त्यांचं नाव गेलं, आणि माझं मन त्यांच्यापासून तुटलं ते वेगळंच. सासूबाई गेल्यावर तरी मला सांगायचं होतं की! नाही सांगितलं. सासूबाई माझ्या नजरेतून उतरतील, याचीच काळजी बहुधा.

पण त्या वेळी हे सगळं सुचत नव्हतं. त्यांचा हात मला ढकलतच होता, श्वास चढत होता. मग मी सासूबाईंसारखं बोलले. कसं सुचलं माहीत नाही. म्हटलं, "बरा बाय. जातंय मी आत." त्यांचा हात खाली आला. त्या झोपल्या. मी पलीकडच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून पुष्कळ रडले. त्यानंतर त्या जास्त दिवस राहिल्या नाहीत, आणि पुरत्या शुद्धीवर आल्याच नाहीत, त्यामुळं मला जे विचारायचं होतं ते राहिलं. माफी मागायची की भांडायचं, तेही मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात शेवंताबाई भेटायला आल्या. त्या आता डिलाईल रोडला शकूकडं असतात. काठी टेकत, दर पायरीला थांबत जिना चढल्या. त्या दिवसानंतर त्या वहिनींशी सणासुदीपुरतंच बोलायच्या. बसल्या, भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "शेवंताबाई, एक सांगायचंय. त्या दिवशी पाणी वहिनींनी नव्हतं पाठवलं."

त्या फोटोकडंच बघत म्हणाल्या, "माका म्हायत होता."

"कसं?" मी विचारलं.

"मी दाराआडच होतंय मा. पोराक भायर सोडतलो हात बघितलंय मी. तुझ्या सासूचो."

"मग वहिनींना का… शकूला का काढलंत वर्गातून?"

त्यांनी काठी एका बाजूची दुसऱ्या बाजूला केली. "माझो झील वसंत थय इस्पितळात पडलेलो. कोणार तरी रागावूक व्हया होता गो. तुझ्या सासूर कशी रागावतलंय? ती माझ्या वांगडा बाकार बसलेली. तिच्याशिवाय माका कोण होता?" मग म्हणाल्या, "सरोजान आपणहून मान फुडे केल्यान. मगे मी पण धरलंय ती."

त्यांच्यावर रागवायला मी जागा शोधत होते, पण एवढ्या वर्षांनी तेवढंही बळ उरलं नव्हतं. त्याही दमलेल्या दिसत होत्या, जिना चढून आणि हे बोलून. खालून भाजीवाल्याची हाक येऊन गेली.

तेवढ्यात मुक्ता स्वयंपाकाच्या ओट्याकडून आली. बाहेरून कुणी आलंय, एवढंच तिला दिसलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही हातांत फुलपात्र, आज जरा जास्तच भरलेलं, नजर पाण्यावर. उंबऱ्याशी थोडं हिंदकळलं. मला वाटलं आता सांडणार, मी उठणार होते. शेजारी बघितलं तर शेवंताबाईंनी काठी खाली ठेवली होती आणि त्यांचे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते. मग मी माझ्या हातांकडं बघितलं. ते केव्हाच आत गेले होते. मुक्ता आमच्यापर्यंत पोचेतो आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.